आता लंगडू नकोस

रुईलान आणि मेईच्वान बीजिंगमधल्या एकाच इस्पितळात, एकाच वॉर्डात नर्स होत्या. २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा आधी मेईच्वान आडवी झाली आणि तिची शुश्रूषा करता करता रुईलानही. तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. त्यांनी स्टिरॉइडचे मोठाले डोस दिले. मेईच्वानची फुफ्फुसं जास्त बिघडलेली, म्हणून तिला औषधही जास्त गेलं. दोघी वाचल्या.

वर्ष सरता सरता रुईलानच्या दोन्ही जांघा ठणकायला लागल्या. औषधाने खुब्यांच्या हाडांचा रक्तपुरवठा तोडला होता आणि मांड्यांच्या हाडांचे वरचे गोळे आतल्या आत मरत चालले होते. मेईच्वानचेही दोन्ही खुबे गेले, शिवाय गुडघे आणि उजवा खांदाही.

"सांधे बदलता येतील," तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. "पण तुम्ही तिशीतल्या मुली. बसवलेला सांधा काही जन्माला पुरत नाही. पुन्हा उघडावं लागतं, आणि दर खेपेला हाड कमी होतं. जितकं थांबाल तितकं बरं."

म्हणून त्या थांबल्या. रुईलानच्या नवऱ्याने दोनेक वर्षं कळ काढली आणि मग दुसरं घर केलं. मेईच्वानचं लग्न ठरता ठरता राहिलं ते राहिलंच. इस्पितळाच्या वसाहतीत दोघींना शेजारशेजारच्या इमारतींत तळमजल्याच्या खोल्या मिळाल्या. सकाळी दोघी मिळून भाजीला जायच्या, प्रत्येकीच्या काखेत दोन कुबड्या.

"आठ पायांचा खेकडा निघाला," मेईच्वान रस्त्यातल्या सायकलवाल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. "बाजूला व्हा, नाहीतर नांगी मारेल."

"ताई, हळू बोल गं."

"का? लोकांना दिसत नाहीये का?"

ती दोन वर्षांनी मोठी होती आणि तोंडाने दहा. तिच्या जिभेच्या आधाराने रुईलानने ती सगळी वर्षं काढली. रात्र कशी गेली हे दोघी एकमेकींना विचारत नसत. दोघींनाही ते ठाऊक असायचं.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना डॉक्टर पेईंनी बोलावून घेतलं. इस्पितळात आता रोबो आला होता. आधी स्कॅन काढून संगणकात खुब्याचं हुबेहूब चित्र तयार करायचं, कुठे किती हाड कोरायचं ते त्यावर ठरवायचं, आणि मग सर्जनच्या हातातलं हत्यार रोबोचा हात धरून ठेवतो, ठरलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. पेई म्हणाले, "तुमच्यासारख्यांच्या ठिसूळ हाडाला हे फार उपयोगाचं आहे. एक कणही फुकट जात नाही."

"बरंय," मेईच्वान म्हणाली. "निदान ते यंत्र सकाळी बायकोशी भांडून तरी येणार नाही."

पेई हसले. दोघींचे स्कॅन झाले. बाहेरच्या बाकावर बसून दोघी किती वर्षांनी पुढचे बेत करत होत्या. मेईच्वानला समुद्र पाहायचा होता. कुबड्या वाळूत रुततात म्हणून ती कधी गेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात पेईंनी दोघींना समोर बसवलं, पण बोलताना ते रुईलानकडेच बघत होते. मेईच्वान जुनी नर्स. तिने तेवढ्यावरूनच ओळखलं.

"माझं होत नाही ना?"

"फुफ्फुसांवर व्रण फार आहेत," पेई म्हणाले. "भूल देणारे डॉक्टर तयार नाहीत. कमरेत सुई देऊन करू म्हटलं, तर हृदयावरही ताण आलाय. आणि ते जमवलं असतं तरी नव्या सांध्याची वाटी ज्यात बसवायची ते हाडच आतून पोकळ झालंय. यंत्र अचूक कोरतं, मेईच्वानबाई, पण कोरायला हाड तर हवं."

"आधी केलं असतं तर?"

पेईंनी समोरचे स्कॅन गोळा करून पाकिटात घातले.

"बरं," मेईच्वान म्हणाली. "हिला तारीख कधीची देताय?"

परतताना रुईलान म्हणाली, "मीही नाही करणार."

"म्हणजे मला सोबत म्हणून जन्मभर लंगडणार? त्याने मला काही पाय फुटणार नाहीत. गप चल."

रुईलानचा आधी उजवा खुबा झाला, काही महिन्यांनी डावा. पेईंनी फोटो दाखवला. दोन्ही पाय तंतोतंत सारखे, हाडात बसलेला धातू लखलखीत. तिला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. कूस बदलली तरी काही झालं नाही. दुखणं गेलं म्हणजे काय गेलं हे तिला नीटसं कळेचना. मेईच्वान रोज डबा पाठवायची, कोबी भरून उकडलेल्या डंपलिंगचा. रुईलान वॉकर घेऊन पहिल्यांदा अंगणात उतरली तेव्हा मेईच्वानने टाळ्या वाजवल्या आणि मग खोकला लागला म्हणून आत गेली.

वसंतात रुईलान काठीशिवाय चालायला लागली. भाजीला दोघी अजूनही बरोबरच जायच्या. पिशव्या आता रुईलानच्या हातात असत. ती रमतगमत चालायची, मध्येच थांबून उगाच कांद्याचा भाव विचारायची.

एके दिवशी मेईच्वान रस्त्यातच उभी राहिली.

"आता लंगडू नकोस."

"मी कुठे लंगडतेय?"

"माझ्याबरोबर असलीस की लंगडतेस. परवा खिडकीतून पाहिलं तुला. बस धरायला कशी झपाझप गेलीस. मी मेले नाहीये अजून, सुतक पाळू नकोस."

रुईलानचा चेहरा कानापर्यंत तापला. "मग मी काय करू, ताई?"

"चाल ना. तेवढंच तर हवं होतं आपल्याला."

त्यानंतर मेईच्वानला रोज काहीतरी व्हायला लागलं. आज दम लागतोय, आज भाऊ फोन करणार आहे, आज भूक नाही. दार अर्धंच उघडायची. एकदा रुईलान गरम तिळाच्या रोट्या घेऊन गेली तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, भाऊ गाडी घेऊन आला होता, आपल्या घरी, बाओदिंगला घेऊन गेला. रुईलानला ती काही बोलली नव्हती. निरोप पाठवले की एका शब्दाचं उत्तर यायचं.

नववर्ष उलटल्यावर रुईलान बाओदिंगला गेली. भावाचं घर पाचव्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. म्हणजे एकदा वर नेलेली मेईच्वान खाली उतरणार नव्हती. रुईलान कठड्याला हात न लावता जिने चढली आणि दारावर टकटक केली.

"कोण? गॅसवाला का? दार लोटलेलंच आहे."

"मी."

आत पलंग करकरला. मग, "ये."

भाऊ-वहिनी कामावर गेले होते. मेईच्वान खिडकीशी पलंगावर, नाकात प्राणवायूची नळी. अंगावर मांस उरलं नव्हतं. रुईलानने सवयीने तिला कुशीवर वळवलं आणि पाहिलं. माकडहाडाशी जखम झाली होती. तिने गरम पाणी आणलं, जखम पुसली, पट्टी बांधली.

"तू पुन्हा येऊ नकोस," मेईच्वान भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

"मी काही चुकले का?"

"नाही गं. तुझं चांगलं झालं ते मला सोसवत नाही, एवढंच. मी फार समजावलं स्वतःला. इतकी वर्षं वाटायचं, हे आपल्या दोघींचं आहे. म्हणून ओढत राहिले. आता ते एकटीचं झालंय."

"फोन करत जाईन."

"नको." ती दम खाऊन म्हणाली, "तू गेलीस की मला तुझा चेहरा आठवत नाही, रुईलान. पाय आठवतात. हे काय चांगलं आहे का, तूच सांग."

रुईलानने तिच्या अंगावर रजई सारखी केली. पाणी हाताशी ठेवलं. जिना उतरताना तिला वाटलं, हाक येईल. ती प्रत्येक मजल्यावर थांबली. हाक आली नाही.

उन्हाळ्यात भावाचा फोन आला. सगळं उरकून चार दिवस झाले होते.

"मला कळवलं का नाही?"

"ताईनेच बजावलं होतं," तो म्हणाला. "म्हणाली, तिला सांगू नका, धावत येईल."

रुईलानने फोन ठेवला, गॅस बंद केला आणि ती बाहेर पडली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. कालव्याच्या कडेने ती अंधार पडेपर्यंत चालत राहिली, मुद्दाम भरभर, पाय आपटत. कुठेतरी ठणका उठेल अशी ती वाट पाहत होती. पण पेईंचं काम चोख होतं. पाय कुठेच दुखले नाहीत.