माझ्यावर आडवी पडलेली माणसे

मित्रांनो, दवाखान्यात रोग्याला ज्यावर आडवे करून तपासतात, तसले एक जुने लोखंडी टेबल मी आहे. यवतमाळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझे पाय जोडले, वर गादी आणि हिरवे रेक्झिन चढवले. मग टेम्पोत टाकून मला महागावच्या अलीकडच्या एका बंजारा तांड्यावर आणले. तिथे एका संस्थेने दोन खोल्यांचा दवाखाना उघडला होता.

सुरुवातीची वर्षे कष्टाची, पण सुखाची गेली. कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया माझ्यावर पाठ टेकत आणि सुस्कारा सोडत. तापाने फणफणलेली लेकरे माझ्यावर ओकली, मुतली. मला त्याची कधी किळस आली नाही. आजारी शरीर असेच असते. नर्स उज्ज्वलाताई, तांड्याचीच लेक, फिनाइलच्या फडक्याने मला पुसून घेई आणि पुढच्याला म्हणे, "ये, टेक आता."

किळस आली ती पुढे, आणि आली ती स्वच्छ, सुगंधी माणसांची.

संस्थेच्या डॉक्टरसाहेबांनी एक नवीच टूम काढली. परदेशात डॉक्टरकी शिकणारी मुले इथे सेवा करायला येऊ लागली. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले, पण गळ्यात कोरे करकरीत स्टेथोस्कोप. एखाद्या धडधाकट लेकराचा सदरा काढून त्याला माझ्यावर बसवत आणि रांगेने सगळे त्याची छाती ऐकत. लेकरू थंडीने कुडकुडे. त्याच्या हातात गोळी देऊन फोटो काढत. गरोदर बाईचे पोट चाचपताना पडदा ओढायचेही कोणाला सुचत नसे. ती बिचारी डोळे मिटून भिंतीकडे तोंड करी. तिच्या पाठीचा थरकाप मला कळत होता.

सोयाबीन कापणीच्या दिवसांत धुरपताबाईंच्या पायाला विळा लागला. नवरा खेमसिंग त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला. पाऊल रक्ताने आणि मातीने माखलेले होते.

"याडी, टाके घालावे लागतीन," उज्ज्वलाताई म्हणाली. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात.

डॉक्टरसाहेबांनी कॉलिन नावाच्या मुलाच्या हातात सुई दिली.

"साहेब, जखम अजून धुतली नाही," उज्ज्वलाताई म्हणाली. "आन यानं माणसाले कधी टाका घातला नाही."

"मग शिकेल कुठे? तू बाजूला हो. हे लोक काही बोलत नाहीत."

बधिर करायचे इंजेक्शन दिले, पण ते चढेपर्यंत कोणी थांबले नाही. धुरपताबाईंनी माझी कड अशी आवळली की रेक्झिनमध्ये नखे रुतली. कॉलिनने दोरा जोरात ओढला. दोरा तुटला, तसा तो ओशाळून हसला. त्याची मैत्रीण हॅना मोबाइल धरून उभी होती. काम संपल्यावर कॉलिनने अंगठा वर केला आणि घामाने भिजलेल्या त्या बाईशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. डॉक्टरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मला पाय असून चालता येत नाही, याचे इतके दुःख कधी झाले नव्हते.

पाहुणे वाघ पाहायला टिपेश्वरला गेले, आणि इकडे धुरपताबाईंचा पाय सुजून काळा पडला. खेमसिंगने त्यांना उचलूनच आणले. उज्ज्वलाताईने टाके उसवले, तेव्हा पुवाबरोबर आत राहिलेली माती बाहेर आली. तिने तडक त्यांना यवतमाळला नेले. तिथे जीव वाचला, दोन बोटे गेली.

पाहुण्यांच्या निरोपाच्या दिवशी शाली-नारळ मांडले होते. धुरपताबाई काठी टेकत आल्या आणि माझ्यावर बसल्या. पट्टी बांधलेला पाय त्यांनी सगळ्यांसमोर लांब केला.

"उज्ज्वला, याले विचार. याच्या देशात यानं कोणाले असे टाके घातले असते का?"

उज्ज्वलाताईने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले. कॉलिनने डॉक्टरसाहेबांकडे पाहिले. शेवटी हॅना हळूच बोलली आणि उज्ज्वलाताईने सांगितले, "नाही म्हणते. तिकडं आधी नकली कातडीवर शिकल्याबिगर पेशंटले टाका घालू देत नाही."

"मंग माह्यावर काहून?"

कॉलिन रडू लागला. हॅनाने धुरपताबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला.

"रडू नको म्हणा त्याले. मले उत्तर पायजे."

"चला, चला," डॉक्टरसाहेब घाईने म्हणाले, "सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ द्या."

"काढा की," धुरपताबाई म्हणाल्या. "फोटो काढाचा त या पायाचा काढा."

एकाही हातातला मोबाइल वर झाला नाही.

त्यानंतर पुढची तुकडी आली, तेव्हा तांड्यावरचे कोणीच माझ्यावर आडवे पडायला तयार झाले नाही. चार दिवस वाट पाहून डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याला कुलूप लावले. उज्ज्वलाताईला महागावला काम मिळाले. आता साध्या तापालाही तांड्याला तिथवर जावे लागते. मी बंद खोलीत धूळ खात उभे आहे. उंदरांनी माझी गादी कुरतडली आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, सेवेसाठी दूरच्या मुलखातही जाईल. जरूर जा. पण आपल्या आईच्या पायावर जे करायला तुम्ही धजणार नाही, ते तिथेही करू नका. समोरचा माणूस गरीब असला, म्हणून त्याचे अंग सरावाचे साधन होत नाही.