वाढत्या अंगाचं

कोच सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले, त्याच दिवशी आमचं वाजलं. त्यांना त्यांच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासमधल्या दहा मुलींचे कॉस्च्यूम शिवून हवे होते. निळं चमकदार कापड त्यांनी स्वतः निवडून आणलं होतं, फारसं न ताणलं जाणारं. मुलींची मापं घेऊन झाली आणि ते म्हणाले, "मास्तर, आत कापड सोडायचं नाही. अजिबात."

मी तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. तोंडात टाचण्या धरून भांडता येत नाही.

"सर, बारा-तेरा वर्षांच्या पोरी आहेत. वाढत्या अंगाचं शिवावं लागतं."

"तेच नकोय मला. वर्षभर हाच कॉस्च्यूम बसला पाहिजे. नाही बसला तर चूक कॉस्च्यूमची नाही, मुलीची."

माझी उभी हयात लहान मुलांचे कपडे शिवण्यात गेली आहे. दुकानाची पायरी चढता चढताच आया ओरडतात, "वाढत्या अंगाचं शिवा हो मास्तर!" पहिल्या वर्षी फ्रॉक खांद्यावरून घसरतो, दुसऱ्या वर्षी नीट बसतो, तिसऱ्या वर्षी मी शिवण उसवून आतलं कापड बाहेर काढतो आणि तो आणखी वर्षभर चालतो. ज्या कपड्यात वाढायला जागा नाही तो बाहुलीचा कपडा. पोराचा नव्हे. हे मी सरांना सांगितलं नाही. नुसती मान डोलावली, आणि दहाच्या दहा कॉस्च्यूममध्ये दोन्ही बगलांत, खांद्यावर आणि कमरेच्या जोडात बोटभर कापड आत सोडून दिलं. माझ्या कातरीला कुणी अक्कल शिकवलेली मला खपत नाही.

त्या दहांतली एक माझी नात. तिला आम्ही खार म्हणतो, कारण चालायला लागायच्या आधीच ती पडद्याला धरून वर चढायची. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, शाळेची व्हॅन चालवतो आणि संध्याकाळी त्याच व्हॅनमधून या मुलींना हॉलवर सोडतो. मुलींचा सराव संपेपर्यंत भिंतीला टेकून बघत उभा राहतो. त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, पण बीमवर, म्हणजे त्या उंच अरुंद पट्टीवर, पाय कुठे पडला पाहिजे यावर तो तासभर बोलू शकतो. सूनबाई बेकरीत पाव भाजते. घरात सगळ्यांत आधी ती उठते आणि सगळ्यांत कमी तीच बोलते, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

सरांच्या हॉलमध्ये एक रीत होती. कॉस्च्यूम मुलींनी घरी न्यायचे नाहीत, ते तिथेच खुंट्यांवर टांगायचे. दर महिन्याच्या एक तारखेला मुलींनी ते घालून रांगेत उभं राहायचं. सर एकेकीच्या कमरेपाशी येऊन दोन बोटांनी कापडाची चिमूट धरायचे. चिमटीत कापड आलं तर शाबास. नाही आलं तर हॉलभोवती फेऱ्या, आणि पालकांना निरोप, हिचं रात्रीचं जेवण बंद करा.

सर काही राक्षस नव्हते. त्यांनी स्वतः लहानपणी असंच पोट मारून पदकं मिळवली होती आणि त्या पदकांवर त्यांचा मनापासून विश्वास होता. असल्या माणसाशी भांडणं फार अवघड. तो खोटं बोलत नसतो ना!

काही महिन्यांतच खार ताटात निम्मं टाकून उठायला लागली.

"दिवसभर उड्या मारतेस आणि भूक नाही?" सूनबाई म्हणाली.

"सरांनी सांगितलंय," माझा मुलगा म्हणाला. "राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली आहे. तेवढी होऊ दे, मग खाईल पोटभर."

"मग सरांना म्हणावं, तोवर तुम्ही येऊन जेवा हिच्या वाटणीचं. पावांचे ट्रेच्या ट्रे भाजते मी, आणि माझीच पोर उपाशी झोपते!"

मुलगा ताटात बघत राहिला. मी भाताचा घास खारीपुढे धरला. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला इतका संताप आला की तो घास मी परत ताटात आपटला.

पुढच्या आठवड्यात सरांनी सगळे कॉस्च्यूम माझ्याकडे पाठवले. निवडीसाठी गळ्यापाशी टिकल्या लावून हव्या होत्या. पहिलाच कॉस्च्यूम मी उलटा केला आणि चष्मा पुसला. बगलेतली माझी मशीनची टीप उसवलेली होती. तिच्या जागी हाताने घातलेली बारीक उलटी टीप होती, आणि मी आत दडवलेलं कापड बाहेर आलं होतं. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात कमरेचा जोडही सोडवलेला. टाके इतके एकसारखे की ते कुणाच्या हातचे हे विचारायची गरज नव्हती. ती टीप मीच शिकवली होती, बाहुलीच्या झग्यावर.

खार शाळेतून आली तेव्हा कॉस्च्यूमचा ढीग माझ्या मांडीवर होता. ती दारातच थबकली.

"रागावलात, आजोबा?"

"सगळ्यांचे तूच उसवलेस?"

"ज्यांना घट्ट व्हायला लागले त्यांचे. कपडे बदलायच्या खोलीत बसून. मग सरांच्या चिमटीत कापड येतं आणि ते म्हणतात, शाबास, बारीक राहिलात."

मी पोट धरून हसलो. काय डोकं पोरीचं! एवढा मोठा कोच, आणि बोटभर कापडाने त्याला उल्लू बनवलं. मी तिला सांगितलं की दोरा जरा गडद वापर, हा उजेडात दिसतो.

मागे सूनबाई उभी होती. बेकरीतून आलेली, हातांवर अजून पीठ.

"हसताय काय, बाबा?" तिने खारीचा कॉस्च्यूम उचलून माझ्या नाकासमोर उलटा धरला. "हे बघा. काठापर्यंत आलीये टीप. आतलं सगळं कापड संपलंय. आता पुढच्या महिन्यात काय सोडवणार? कातडी?"

मी काठावरून बोट फिरवलं.

"ही न्हाणीघरात लपून बिस्किटं खाते. चुरा सापडला मला. आपली पोर चोरून वाढतेय, बाबा. चोरून! मोठं होणं हा काय गुन्हा आहे?"

खार रडायला लागली. मघाशी जिचं मी कौतुक केलं होतं, ती पोर आपल्याच उंचीची लाज वाटून रडत होती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

त्या महिन्यात ज्यांचं कापड संपलं त्यांत आणखी एक होती. सगळ्यांत उंच मुलगी. तिला सगळ्या जिराफ म्हणायच्या. खारीने तिला सांगून टाकलं होतं की आता उसवायला काही उरलं नाही. त्यावर जिराफने एकच मार्ग काढला, खाणं सोडलं. आणि एका संध्याकाळी बीमवर दोन पावलं टाकून ती तशीच बाजूला कलंडली. तोल गेला नव्हता, शुद्ध गेली होती. मनगट मोडलं.

तिला दवाखान्यात माझ्याच मुलाने नेलं, व्हॅनमधून. परत आला तो घरी न जाता दुकानात आला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिला.

"डॉक्टरीणबाईंना वाटलं, मीच तिचा बाप," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर झापलं मला. म्हणाल्या, हे हाडं भरायचं वय आहे. आत्ता जे पोटात जाईल ते जन्मभर पुरणार आहे. आणि तुम्ही या वयात मुलीला उपाशी ठेवता?"

"मग? काय म्हणालास?"

"काय म्हणणार? मी तिचा बाप नाही, असं सांगावंसं वाटलं. पण माझ्या घरीही तेच चाललंय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पण बाबा, निवड आता अगदी जवळ आलीये हो. सर म्हणतात, खार नक्की जाणार. एवढ्यासाठी सोडायचं सगळं?"

त्याची मला कीवही आली आणि कानाखाली काढावीशीही वाटली. पोरीचं नाव कुठल्या तरी पाटीवर लागलेलं त्याला बघायचं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त त्या पाटीखाली पोरगी धडधाकट उभी असायला हवी, एवढं त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मी ठरवलं की खारीचा कॉस्च्यूम नवा शिवायचा, आज आहे त्या मापाने. सूनबाई म्हणाली, "शिवाच. पण निळा नको. लाल शिवा. लांबून दिसला पाहिजे. आता लपवाछपवी नाही."

पण घालायचा होता खारीला. मी टेप गळ्यात अडकवून तिच्यासमोर उभा राहिलो.

"सर मला काढून टाकतील," ती म्हणाली.

"टाकतील."

"मग निवड?"

"नाही होणार बहुतेक."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. सात वर्षांची असल्यापासून तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. मी तिला दिलासा देऊ शकलो असतो, पण ते थापा मारण्यासारखं झालं असतं. सूनबाई ओट्याकडे तोंड करून भांडी उगाच पुसत राहिली.

मग खारीने दोन्ही हात बाजूला पसरले. "घ्या माप. श्वास आत ओढणार नाही मी."

एक तारखेला आम्ही सगळे हॉलवर गेलो. मुलाने व्हॅन चालवली. नऊ मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांत जिराफही होती, हात गळ्यात अडकवून, निळा कॉस्च्यूम न घालता. खार कपडे बदलून बाहेर आली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. इतक्या निळ्यांत एकटीच लाल. टोमॅटोच म्हणा ना.

सर तिच्यापाशी आले. "हे काय?"

"नवा कॉस्च्यूम, सर."

"जुना कुठाय?"

"तो बसत नाही मला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग ते माझ्या मुलाकडे वळले. "तुम्ही तरी समजवा हिला. निवड हातात आली आहे हो!"

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं, हा आता पोरीला घेऊन बाहेर जाणार, कपडे बदलायला लावणार. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जिराफच्या प्लॅस्टरकडे पाहिलं.

"ती सांगेल तुम्हाला काय ते," तो म्हणाला. "तिलाच विचारा."

सरांचा चेहरा लाल झाला. "या मापात तुझी निवड होणार नाही. कळतंय तुला?"

"कळतंय, सर."

"सहा वर्षांची मेहनत आहे तुझी."

"हो."

"मग?"

खारीची मान खाली गेली नाही. "मी अजून वाढणार आहे, सर. पुढच्या महिन्यात हाही घट्ट होईल. तुम्ही जी वाढत नाही अशी मुलगी शोधा."

सर रांगेकडे वळले. "ठीक आहे. हिच्या जागी कोण जाणार? हात वर करा."

समोर नऊ मुली उभ्या होत्या. कुणाचे खांदे काचलेले, कुणाच्या मांडीवर शिवणीचा लाल वळ. निवड तर प्रत्येकीला हवी होती. सरांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू.

एकीचाही हात वर गेला नाही.