चाळीसच्या आत

“ही दुकान समुंदरसे पाच सौ आठ मीटर ऊपर हाय, भाबी,” याकूबभाई म्हणाले आणि काडेपेटीएवढं एक काळं यंत्र त्यांनी माझ्यासमोर धरलं. त्याच्या काचेवर खरंच पाचशे आठ उमटलं होतं.

“समुद्र?” हे बाकड्यावरून म्हणाले. “याकूब, जालन्यात कुठून आणला रे समुद्र? इथं नळाला आठ दिसांनी पानी येऊन राह्यलं.”

“अरे बाबा, समुंदर तिकडं मुंबईला. तिथपासून मोजतंय हे.”

“मंग बराबर हाय. जलम गेला, मुंबई पाह्यली न्हाई, पण बसलोय तिच्या डोक्यावर.”

महिन्याभरात हे पहिल्यांदा हसले होते. मीही पदर तोंडाला लावून हसून घेतलं. दुकानात टायरचा आणि पंक्चरच्या सोल्युशनचा वास भरला होता. दारात यांची काळी सायकल स्टँडवर उभी होती. याकूबभाईंनी आदल्या दिवशीच तिची चेन धुऊन तेलपाणी केलं होतं. महिनाभर घरात उभी राहून तिला गंज धरला होता.

यांच्या छातीच्या दुखण्यालाही तेवढेच दिवस झाले होते. सळ्यांच्या मिलमध्ये भट्टीसमोर लाल सळी चिमट्यानं ओढता ओढता हे खाली बसले, ते दवाखान्यातच उठले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “मच्छिंद्रराव, जड काम बंद. सायकल सुटली तर फार चांगलं. नाहीच सुटली तर चालवा, पण दमानं. काय सांगितलं? दमानं.” मी समोरच उभी होते. देवाचा निरोप आल्यासारखा तो शब्द मी पदरी बांधून घरी आणला.

सायकल सुटणार नव्हती. ठेकेदारानं एवढ्या वर्षांची नोकरी बघून यांना वजनकाट्यावर खुर्ची दिली होती. गाड्या काट्यावर येतील, आकडा लिहायचा, बसून काम. पण सातच्या ठोक्याला. गावचा टेंपो साडेसातला भरून निघायचा, तोवर मिलचं गेट बंद. ठेकेदारानं सांगून ठेवलं होतं, सोमवारपर्यंत वाट बघतो, त्यानंतर दुसरा माणूस बसवतो. ती खुर्ची गेली तर पुन्हा भट्टीसमोर उभं राहायचं, आणि भट्टीसमोर हे दुसऱ्यांदा उभे राहिले तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

माझी भीती वेगळी होती. यांचा पाय मुळात घाईचा. लग्नानंतर मला कॅरिअरवर बसवून न्यायचे तेव्हासुद्धा बैलगाड्या मागं टाकायचे. दमानं चालवा म्हटलं तर “हां हां” म्हणतील आणि वेशीबाहेर गेले की विसरतील. तेच मी सायकल तेलपाण्याला दिली तेव्हा याकूबभाईंना सांगितलं. हे दोघं एका बाकावर शिकलेले. त्यांनी जरा विचार केला आणि कपाटातून दोन खोकी काढली. बियाण्याच्या कंपनीतल्या कुठल्या साहेबानं ती यंत्रं मुंबईहून मागवली होती. तोवर साहेबाची बदली झाली आणि खोकी तशीच पडून राहिली.

“एक उंची बताता,” याकूबभाई म्हणाले. “चढ किती, उतार किती, सब. दुसरा पायडलचे फेरे गिनतो. एका मिनटात पाय किती बार फिरला.”

“दोन्ही मिळून एकात नाही का?” मी विचारलं.

“येतं ना. पण मागवावं लागंल. दो महिने.”

आमच्याकडं तीन दिवस होते.

यांनी उंचीचं यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं. “रोज हाच आकडा दाखवतं का रे हे?”

याकूबभाई खोटं बोलणारे नव्हते. “काल चालू करून बघितलं तवा चार सौ नब्बे.”

“अन् आज पाचशे आठ?”

“आज आभाळ आलंय ना. हवेच्या दाबावर चालतंय ते. मोसम बदलला की आकडा बदलतो, मंग बटन दाबून बराबर करायचं.”

“म्हंजे तुझी दुकान रातीतून अठरा मीटर वर चढली? बांधून ठेव बाबा, उद्या सापडायची न्हाई.”

दोघं टाळ्या देऊन हसले. मी मात्र त्या काचेकडं बघून मनात म्हटलं, बसल्या जागी ज्याचा आकडा हलतो त्याच्या भरवशावर माणूस कसा सोडायचा?

मग याकूबभाईंनी दुसरं यंत्र हँडलला बसवलं, पायडलच्या दांड्याला लोहचुंबकाचा तुकडा चिकटवला आणि हातानं पायडल फिरवलं. सावकाश फिरवलं तर वीस, जोरात फिरवलं तर सत्तर. थांबवलं तर शून्य. पुन्हा फिरवलं तर पुन्हा वीस.

“हेच द्या,” मी म्हणाले.

“अगं, मला तरी विचार,” हे म्हणाले.

“विचारायचं काय त्यात? फेऱ्यांचं मला कळतं.”

खरंच कळायचं. रोज सकाळी अंघोळ करून मी देवळामागच्या औदुंबराला एकशे आठ फेरे घालत असे. दोन वाट्या घ्यायच्या, एकीत ज्वारीचे एकशे आठ दाणे. एक फेरा झाला की एक दाणा दुसऱ्या वाटीत. अठरा वर्षांत नेम चुकला नव्हता. हे थट्टा करायचे, “तुझ्या देवाला दाणे दाखवल्याबिगर पटत न्हाई का?” मी म्हणायची, देवाला पटतं हो, मला पटत नाही.

“किती फेऱ्यांच्या आत राहायचं?” मी याकूबभाईंना विचारलं.

त्यांनी खोक्यातला कागद डोळ्यांजवळ धरला. “धडधाकट माणूस सत्तर-अस्सी मारतो, असं लिवलंय. आपण आधे पकडू. चालीस.”

“चाळीस,” मी यांच्याकडं बघून म्हणाले. “माझे एकशे आठ, तुमचे चाळीस. आता हा तुमचा नेम.”

“बरं बाई,” हे म्हणाले. “घेतला नेम.”

सोमवारी हे साडेपाचला निघाले. मिलला जायला दोन वाटा होत्या. एक पाटाच्या कडेनं, लांबची पण सपाट. दुसरी खदानीवरून, जवळची, पण मध्ये मोठा चढ. मीच म्हटलं, सपाटीनं जा. संध्याकाळी आल्यावर पाणी द्यायच्या आधी मी दिवसाच्या सरासरीचा आकडा विचारला.

“बावन्न,” हे ओशाळून म्हणाले. “पाटाचा रस्ता सरता सरत न्हाई. घड्याळ बघितलं की पाय आपोआप पळतो.”

दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. मग पंचावन्न. गुरुवारी मी बोलले. आवाज चढवून बोलायची मला सवय नाही, हळूच म्हणाले, “नेम घेतला होता ना तुम्ही?” हे ताटावर खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी मात्र आले ते सायकल ओट्याला लावायच्या आतच म्हणाले, “अगं, सापडलं!”

“काय सापडलं?”

“आज खदानीवरून गेल्तो. ह्ये बघ.” यांनी मला यंत्रापाशी नेऊन बटण दाबलं. “चढावर अठ्ठावीस दाखवून राह्यलं. अठ्ठावीस! साऱ्या वाटंत तिथंच मी दमानं चालतो. उताराला तर पाय मारावाच लागत न्हाई. रस्ता जवळचा, म्हून घाई बी न्हाई. सरासरी बघ, चौतीस.”

काचेवर चौतीस होतं. मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी देवळात नारळ फोडला.

त्यानंतर रोज खदानीचीच वाट. रोज तेहतीस, चौतीस, छत्तीस. आकडा कधी चाळीसला लागला नाही. मी त्यांचा शर्ट धुवायला घ्यायची तेव्हा पाठ मिठानं पांढरी झालेली असायची.

“घाम फार येतो हो?”

“ऊन लागतं.”

सकाळी सहाला ऊन नसतं. एवढी साधी गोष्ट मला उमगली नाही.

एकदा जेवताना हे म्हणाले, “चढ सरला की जरा दगडावर टेकतो. बरं वाटतं.”

“पण चाळीसच्या आत असता ना?”

“हां. आतच.”

“मग झालं तर,” मी म्हणाले आणि भाकरी वाढली.

हे माझं बोलणं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळी मी औदुंबराला फेरे घालत होते. एकाहत्तरावा दाणा वाटीत टाकला तेवढ्यात भिवाचा टेंपो देवळाशी येऊन थांबला. हाच तो साडेसातचा टेंपो. पण त्या दिवशी भाडं घेऊन भिवा पहाटेच शहरात गेला होता आणि खदानीवरून परत येत होता. त्यानं गाडी बंद केली नाही. खाली उतरला आणि चप्पल काढून उभा राहिला. नेहमी हॉर्न वाजवत जाणारा माणूस चप्पल काढून उभा राहिला तेव्हाच मला कळलं.

“काकू, चला.”

“कुठं आहेत?”

“दवाखान्यात पोचवून आलो. चला तुमी.”

वाटेत त्यानं न विचारताच सांगितलं. “चढाच्या वर, दगडाला टेकून बसले व्हते. मला वाटलं आराम करून राह्यले. सायकल नीट स्टँडवर लावल्याली. मी म्हणलं, काका, आज उशीर न्हाई का? बोलले न्हाईत. मंग जवळ गेलो.” 

डॉक्टर तेच होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. “सायकल चालवत होते?” त्यांनी विचारलं.

“दमानं चालवायचे,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलं तसं. यंत्र लावलं होतं. पाय चाळीसच्या वर कधी जाऊ दिला नाही.”

“रस्ता कसा होता?”

“खदानीचा. चढाचा. पण चढावर पाय सावकाश पडतो. अठ्ठावीसच दाखवायचं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला.  मग मान खाली घालूनच म्हणाले, “बाई, पाय सावकाश पडत होता कारण चढ जड जात होता. मी दमानं म्हणालो, ते दमाकडं बघून. श्वासाकडं. धाप लागली की उतरायचं, एवढंच.”

एवढंच होतं. एक शब्द होता आणि त्यात ते सगळं होतं. जन्मापासून मी तो शब्द बोलत आले. लहान पोरांना ‘दमानं जेव’ म्हटलं, बैलाला ‘दमानं रे’ म्हटलं. त्याच्या पोटात दम आहे हे कधी ऐकू आलं नाही. देवानं डॉक्टरांच्या तोंडून बरोबरच सांगितलं होतं, दोष द्यायला मला ती जागाही नव्हती.

भिवानं संध्याकाळी सायकल आणून ओट्याला लावली. माणसं आत बसली होती. मी बाहेर येऊन बटण दाबलं. सरासरी एकतीस. यांनी नेम मोडला नव्हता.

तेराव्यानंतर याकूबभाई आले. ओट्याच्या कडेला बसले, चहा घेतला नाही. “भाबी, ते काढून नेऊ का?” त्यांनी यंत्राकडं बोट केलं.

“राहू द्या.”

“मी त्या दिवशी बोलायला पायजे होतं. चढाचं दुसरं होतं माझ्याकडं. अजूनबी हाय.”

“तुम्ही दाखवलं होतं, याकूबभाई. नको मी म्हणाले.”

ते रुमालानं चेहरा पुसत बसले. जाताना सवयीनं त्यांनी सायकलची चेन बोटानं दाबून पाहिली. सैल झाली होती. पिशवीतून पाना काढून त्यांनी ती घट्ट केली आणि गेले.

सुतक फिटल्यावर मी पुन्हा औदुंबराला जाऊ लागले. दोन वाट्या नेते, दाणेही मोजून नेते, ती सवय हाताची आहे. पण फेरे मोजत नाही. चालत राहते. धाप लागली की तिथंच झाडाला हात टेकून थांबते. मग वाटीतले दाणे चिमण्यांना टाकून घरी येते. कितवा फेरा होता, ते बघत नाही.