मल्लेश्वरीची लांबलेली पूजा

बीदरजवळ मन्नाएखेळ्ळीला हायवेवर गुरुशांतप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. यंदा तिथं गेलेल्या गिऱ्हाइकाला लेकीचं कौतुक ऐकल्याशिवाय पोतं मिळत नसे. मल्लेश्वरी आता भावाशी भांडत नाही, मोबाइल मागत नाही, जेवणही थोडकंच. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसली, की कॉलेजची बस निघून गेली तरी उठत नाही.

"पोरगी शरणी झाली, मास्तर, पक्की शिवभक्त," ते मला म्हणाले. मठात तिचा सत्कार करायचंही त्यांनी ठरवलं होतं.

मी निवृत्त शिक्षक. संध्याकाळी ओट्यावर पोरांना गणित शिकवतो. मल्लेश्वरी माझी जुनी वैरीण; कॉलेजात गेली तरी ओट्यावर यायची. फळ्यावर माझी चूक सापडली की सगळ्यांदेखत मला उठाबशा सांगायची आणि गुडघ्यांकडं बघून निम्म्या माफ करायची. अशी पोरगी एकदम शहाणी झाली, हे काही मला पचेना.

त्याच संध्याकाळी मी मुद्दाम आठ साते चोपन्न लिहिलं. बारकी पोरं माझ्या फजितीची वाट बघत तिच्याकडं वळली. तिनं चोपन्न उतरून घेतलं.

पोरं गेल्यावर मी विचारलं, चूक दिसली न्हाई का? दिसली, म्हणाली.

"मग बोलली कामून न्हाईस?"

"काय फरक पडतोय, मास्तर."

मग हळूहळू बोलली. झोप लागत नाही, कशात मन लागत नाही. पूजेला बसलं की तेवढा वेळ कुणी हाक मारत नाही. जगू नये असंही वाटतं का, हे मी सरळच विचारलं. कधी कधी, म्हणाली. हे मी एकटा पोटात ठेवणार नाही, आत्ताच तुझ्या अप्पाला सांगू, असं म्हटल्यावर ती नको म्हणाली नाही. मी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर निघालो.

गुरुशांतप्पा ऐकून चिडले. भक्तीला आजार म्हणायलाव का, म्हणाले.

मी म्हटलं, "तुमच्या म्हशीनं पेंड सोडली तर डॉक्टर आणता का उपवास धरला म्हणून हार घालता?"

ते हसले. मग लेकीच्या मनगटाकडं बघितलं आणि हसू तिथंच थांबलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्या रात्री आई तिच्याजवळ झोपली.

सकाळी मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो. तिथं दुकानाचे गिऱ्हाईक बंडेप्पा यांनी हटकलं, कुठं निघालाव बापलेक? गुरुशांतप्पा काहीतरी बनवून सांगतील, असं मला वाटलं.

"बीदरला. पोरीचं मन बरं न्हाई. त्याच्या डॉक्टरला दाखवायलाव," ते म्हणाले, तेही दुकानातल्या आवाजात.

"अप्पा, हळू बोला की," मल्लेश्वरी म्हणाली आणि त्यांची बाही धरून बसमध्ये चढली.