बैलानं उपटलेला बोल्ट

"पटणार न्हाई तुम्हाला, अन् न्हाई पटलं तरी आपला काही राग न्हाई," नजीर मिस्त्री एसटीच्या कंडक्टरला म्हणाला, "पण ह्ये औशाच्या किल्ल्यावरल्या तोफेचं पिल्लू हाय."

त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली हातभर नळी होती. पिलाला हाफ तिकीट लागतं का, असं विचारून कंडक्टर पुढे गेला. शेजारची बाई मात्र वीतभर सरकून बसली; उडालं-बिडालं तर कोण निस्तरणार. एरवी नजीरनं तिला निलंग्यापासून लातूरपर्यंत पुरेल एवढी तोफ ऐकवली असती. आज त्याला धड बसवतच नव्हतं. लामजन्याला तो उठून दाराशी गेला, औशाला परत आला, तर जागा गेलेली.

नळी म्हणजे गुरुपादप्पा या गिऱ्हाइकाच्या जुन्या येझदी मोटारसायकलच्या शॉकअपचा खालचा भाग. पुढच्या चाकाचा दांडा आवळून धरणारा बोल्ट त्यात बसायचा. त्याचे आटे गेले होते. बोल्ट घातला की नुसता गरगर फिरायचा. आणि आटे घालवले होते खुद्द नजीरनं, काल दुपारी.

आवळताना बोल्ट "बस" म्हणतो आणि ते आपल्या मनगटाला ऐकू येतं, असं नजीर चाळीस वर्षं सांगत आला होता. त्याच्या सगळ्या गप्पांत तेवढी एकच खरी होती. अलीकडे मात्र मनगट बहिरं झालं होतं. काल तो आवळतच गेला, आत कच् झालं आणि पाना एकदम हलका पडला. तो हलकेपणा अजून हातातून गेला नव्हता.

मुलाला, कलीमला, गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. अब्बा, आता हाताला आराम द्या, हे त्याचं रोजचं चाललेलंच. गुरुपादप्पा उद्या सकाळी गाडी न्यायला येणार, आणि त्यांना कळलं ते दुपारपर्यंत साऱ्या निलंग्याला कळणार. मग गॅरेजात राहिलंच काय? म्हणून गावातलं लेथ मशीन सोडून, डोळे तपासायला जातो असं घरी सांगून, तो लातूरला रामलिंगकडे निघाला होता.

रामलिंग अकरा वर्षं नजीरच्या हाताखाली शिकला होता. आता स्वतःचं वर्कशॉप, डोक्यावर पिकलेले केस. त्यानं उस्तादाला खुर्ची दिली, चहा सांगितला. भोक मोठं करून आत लोखंडी बुश, म्हणजे छोटं नळकांडं, ठोकू, त्यात नवे आटे पाडू, चारपर्यंत मोकळं, म्हणाला. आटे कसे गेले, हे मात्र विचारलंच नाही. लेथ सुरू करून बुश घडवायला लागला.

ते न विचारणं नजीरला सोसेना. तो लेथभोवती दोन फेऱ्या मारून आला. ड्रिल लहानमोठे लावून ठेवले, मग पुन्हा विस्कटले. चहा तसाच निवला. शेवटी त्यानं आपणहून सुरुवात केली.

गुरुपादप्पा औरादच्या बाजारात गाडी लावून चहाला गेले होते म्हणे. तिथं एक देवणी जातीचा बैल सुटला. त्यानं शिंग नेमकं बोल्टाखाली घातलं आणि असा हिसडा दिला, की बोल्ट उडून थेट चहावाल्याच्या किटलीत पडला. तेव्हापासून त्या हॉटेलच्या चहाला ग्रीसचा वास येतो. रामलिंग हसायच्या जागी बरोबर हसत होता. त्यामुळे बैलाला जोर चढला. तो प्रदर्शनात पहिला आला, मालकानं त्याच्या बदल्यात ट्रॅक्टर नाकारला, आता तर पेट्रोलचा वास दिल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

लेथ थांबलं. एकदम शांत झालं आणि नजीरचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

"...अन् गुरुपादप्पा सोता म्हणले मला..."

रामलिंगनं नळी उजेडात धरली. भोकात बारीक आकडा घालून हळूच ओढलं. आत अडकलेले आटे स्प्रिंगसारखे एकसंध बाहेर आले. त्यानं ते नजीरच्या तळहातावर ठेवले.

"उस्ताद," तो म्हणाला, "बैलानं उपटलं असतं तर भोकाचं तोंड फाटलं असतं. ह्ये आवळताना गेलेत. कवाधरनं कळंना झालंय हाताला?"