उलट्या पक्ष्याची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. निळ्या काचेची, लांब मानेची, गळ्याभोवती सोनेरी वेल असलेली. आज कपाटात मानाने उभी आहे, पण मागच्याच महिन्यात माझी काही धडगत नव्हती.

एका कारागिराने वितळलेली काच नळीच्या टोकाला घेऊन फुंकर मारली आणि मी जन्मले. मग मला एका चित्रकार बाईंकडे नेले. ज्यांच्यासाठी मी घडत होते ते न्हावीदादा तिथे आधीच येऊन बसले होते.

"एका बाजूला फुलं काढा," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. पण उलटा, डोकं खाली."

बाईंनी कुंचला बाजूला ठेवला. "दादा, बरं आहे ना सगळं?"

"अहो, डोक्यावर बाटली उपडी केली की तो सुलटा होतो. समोरच्या आरशात पोरांना दिसेल."

बाईंना हसू आले. त्यांनी तसाच पक्षी काढला, त्याच्या पंखांना सोन्याची कड दिली आणि मला भट्टीत भाजून रंग पक्के केले.

दुकानात माझ्या पोटात सुगंधी पाणी असे. खुर्चीत बसताच भोकाड पसरणाऱ्या मुलाच्या डोक्यावर दादा मला उपडी करत, पक्ष्याची बाजू आरशाकडे ठेवून. आरशात पक्षी झेप घेताना दिसला की रडणे तिथल्या तिथे थांबे. काही मुले तर केस वाढायच्या आतच वडिलांना ओढत आणत. खरे सांगते, त्या दिवसांत मी भलतीच भाव खाऊन होते.

पुढे दादा थकले, दुकान बंद झाले. मी जुन्या सामानाच्या खोक्यात कितीतरी वर्षे धूळ खात पडले. तिथून मला एका मावशीने उचलले. रंगीत बाटल्या जमवणे हा तिचा जीव की प्राण. तिने मला पदराने पुसले तेव्हा मला भरून आले.

पण तिच्या दिराच्या नजरेतून काही सुटत नाही. "वहिनी, तुम्हाला कुणीतरी टोपी घातली," तो म्हणाला. "पक्षी उलटा आहे." मग येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो मला फिरवून दाखवू लागला. मावशी वरवर हसायची. वाचनालयात तिच्या बाटल्यांचे प्रदर्शन भरायचे ठरले, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. मला कापडात गुंडाळून ती काचेचे काम करणाऱ्या काकांकडे आली.

"हा पक्षी काढता येईल का?"

"भाजलेला रंग आहे. चाकावर घासावा लागेल. गेला की गेला, बघा."

"जाऊ दे. माझं हसं होतंय हो."

माझे धाबे दणाणले. सगळे मला ठाऊक होते, पण सांगणार कशी? इतका लांब गळा असून आवाज नाही. काकांनी चाक सुरू केले. घासण्याआधी धुवावे म्हणून त्यांनी मला पाण्याने भरले, खळखळवले आणि घमेल्यावर उपडी केले.

"थांबा," समोर बसलेली मावशी म्हणाली. "तशीच धरा. हलवू नका."

काकांनी मान वाकडी करून पाहिले. "अरेच्चा, सुलटा झाला की. ओतताना बघायचा पक्षी आहे हा, बाई."

त्यांनी चाक बंद केले. माझा जीव भांड्यात पडला. मावशी तर डोळे पुसत हसत होती. "आणि मी याला खरवडायला निघाले होते," ती म्हणाली.

घरी येताच तिने दिराला कुंडीजवळ उभे केले आणि मला भरून हळूच उपडी केले. पाणी संपल्यावर त्याने स्वतःच मला पुन्हा भरून आणले. "वहिनी, अजून एकदा."

मित्रांनो, माझे सोने झिजले तर पुन्हा चढवता येईल, पण घासलेला पक्षी परत आला नसता. म्हणून एखादी जुनी वस्तू तुम्हाला चुकलेली वाटली, तर ती दुरुस्त करायची घाई करू नका. आधी तिचे काम तिला एकदा करू द्या.