गुळाचा रोडगा

गणेशनं कणकेत पुन्हा पाणी ओतलं आणि कोकिळाबाईंनी सतरंजीवरूनच तोंड सोडलं.

"अरे, रोडगे कराले बसला का भिंत लिपाले? चिखल करून ठेवला नुसता."

"माय, तू उठू नको. आज बायांची सुट्टी हाय."

"सुट्टी हाय म्हनून उपाशी मारतो का?"

बायांची सुट्टी हा नियम गणेशच्या धाकट्या भावाचा, ज्ञानेश्वरचा. तूर निघाली की जानेफळच्या शिवारातल्या या बाभळीखाली तो सगळं घर गोळा करायचा. पीठ मळायचं, गोळे वळायचे, गवऱ्यांच्या निखाऱ्यात शेकायचे, वांग्याची भाजी करायची, सगळं माणसांनी. बायांनी सतरंजीवर बसून नावं ठेवायची. मागच्या वर्षी शेतात धूर निघाला नाही. त्याच्या आधीच्या आषाढात ज्ञानेश्वरला कावीळ झाली, पोटात उतरली आणि चौतिसाव्या वर्षी तो गेला. औंदा कोकिळाबाईच म्हणाल्या, "पेटवा रे. शेतातल्या म्हसोबाले किती दिवस उपाशी ठेवता."

ज्ञानेश्वरचा घरच्यांवर लय जीव होता, असं कुणी म्हटलं की त्याची बायको प्रेरणा मनात म्हणायची, जीव कसला, पिच्छा होता. शेतात पिकाची डवरणी चालू असताना मधेच त्याचा फोन यायचा. "माय जेवली का? छकुली झोपली का? तू काऊन बोलून नाई राह्यली?" वेलाला पहिलं वाळूक लागलं की ते घरात यायच्या आधी मेहकरच्या गाडीत कंडक्टरच्या हाती जायचं, बहिणीसाठी, सुलतानपूरला. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "भाऊ, हे एसटी हाय का तुमची बैलगाडी?"

ती बहीण, मंजुश्री, आज सतरंजीच्या पार कडेला पाठ करून बसली होती.

"मंजू, इकडं सरक ना," प्रेरणा म्हणाली.

"नको वहिनी. मले कोनं बोलावलं हाय?"

"असं काय करतेस? दादांनी ग्रुपवर टाकलं होतं की."

"हाव, टाकलं. ज्ञाना गाडी घेऊन दारात यायचा, टोपलंभर हरभरा घेऊन. दादानं दोन हात जोडलेले पाठवले. आता ग्रुपवरच वाढा मंग मले."

गणेशनं ऐकलं आणि मान खाली घालून गोळे वळत राहिला. पण प्रेरणाची नजर सगळीकडं असायची. त्यानं खिशातून गुळाचा खडा काढला आणि एका गोळ्यात हळूच दाबला, हे तिनं पाहिलं. तीही ज्ञानेश्वरचीच रीत. एवढ्या रोडग्यांतल्या एकात गूळ असायचा आणि घरात जे कुणी रुसलेलं असेल, नेमका त्याच्याच ताटात तो फुटायचा. "म्हसोबानं देल्ला," म्हणून हा हात वर करायचा. राखेतून काढल्यावर सगळे रोडगे सारखेच काळे-पांढरे, मग याला कळायचं कसं? गणेशनं किती वर्षं पाळत ठेवली, पत्ता लागला नाही.

नजर सगळीकडं असली तरी प्रेरणाचा जीव एकाच ठिकाणी होता. पाच वर्षांची छकुली तुरीच्या खुंटांमधून अनवाणी पळत होती. खुंट पायात घुसेल, विहिरीकडं जाईल, निखाऱ्यात हात घालेल. ही भीती दिवसाची. रात्रीची दुसरी होती. रोज झोपताना ती लेकीला विचारायची, "पप्पा कसे होते गं?" आणि छकुली रोज सांगायची, "फेटा घातलेले."

फेटा ज्ञानेश्वरनं जन्मात एकदाच घातला होता, लग्नात. लग्नाच्या फोटोतून कापून मोठा केलेला फोटो भिंतीवर होता. पोरीला फोटो पाठ झालाय, बाप विसरला. प्रेरणा बी.ए. झालेली, मेहकरच्या कॉलेजात भरपूर वाचलेली, पण यावर काय करायचं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

तेवढ्यात छकुली परातीपाशी उकिडवी बसलेली दिसली. एका गोळ्यात अंगठा खुपसून.

"छकुले, हात धुतले का? ऊठ तिथून, विस्तव आहे!"

तिनं पोरीला दंडाला धरून ओढलं. पोरगी रडली नाही, नुसती तोंड फुगवून आजीच्या मांडीवर जाऊन बसली. गणेशनं गोळे निखाऱ्यात लोटले, वरून राख ओढली आणि फुंकता फुंकता स्वतःच राखेनं माखला.

उन्हं कलली तशी पंगत बसली. म्हसोबाला पहिला रोडगा ठेवला. मग गणेशनं फडक्यात रोडगे झटकले आणि एक निवडून मोठ्या ऐटीत मंजुश्रीच्या ताटात ठेवला. तिनं फोडला. आत कच्चं पीठ.

"वा दादा. रुसलेल्याले कच्चा देतेत वाटते औंदा."

"थांब, थांब. उजव्या कडेले ठेवला होता म्या." दुसरा फोडला, करपलेला. तिसऱ्यात काही नाही. "उलथवताना सरकला वाटते."

"सारे फोडून टाक," कोकिळाबाई म्हणाल्या, "म्हंजे बैलाले घालाले सोपे."

छकुली मांडीवरून उतरली. टोपल्यातला एकेक रोडगा उचलायची, खालून पाहायची, ठेवून द्यायची. एक तिनं दोन्ही हातांत धरला. त्याच्या बुडाला खोल खळगा होता, लहान अंगठ्याएवढा.

"हा हाय."

गणेश बघतच राहिला. "तुले कोनं सांगतलं?"

"पप्पानं. गुळाच्या गोळ्याले माहा अंगठा लावत. म्हने, कोनाले सांगू नको."

मंजुश्रीनं रुसवा सोडून ताट पुढं केलं. छकुली तिच्यापुढून गेली आणि तिनं रोडगा आईच्या ताटात ठेवला.

"अवं पोरी," मंजुश्री म्हणाली, "रुसली मी आन् गूळ हिले?"

"मम्मी जास्त रुसली हाय."

"मी कुठं रुसले?" प्रेरणा म्हणाली.

"रोज. फोटो पुसते, पन पाहत नाई."

प्रेरणानं रोडगा फोडला. वाफ निघाली आणि पातळ झालेला गूळ बोटांवर आला. चटका बसला तरी तिनं हात मागं घेतला नाही. अर्धा मंजुश्रीला दिला. मग लेकीला जवळ ओढलं आणि रात्रीचा प्रश्न दिवसाउजेडी विचारला.

"पप्पा कसे होते गं?"

छकुलीनं बोट चाटता चाटता राखेनं माखलेल्या काकाकडं पाहिलं.

"असेच. डोक्शात राख. मी फू केलं का पप्पा म्हनत, 'आनखी कर.'"